देल्फीना विसरली

टाळ्या मीही वाजवल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर दोन दिवस मी स्वतःची बरीच समजूत घातली, की मी जरा मागे उभी होते, माझ्या हातात कुणाचा तरी कोट होता, मी फक्त हसले वगैरे. सगळं खोटं. कोट मी खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. मंगळवार होता, दुपारचे चार. बाहेर धुकं इतकं की फाटकापाशी उभ्या केलेल्या सायकली दिसत नव्हत्या, आणि आमच्या शाळेच्या पुढच्या दालनात नेहमीचा गोंधळ चालला होता. कुणाची टोपी सापडत नाही, कुणाचा आजोबा चुकीच्या नातवाला कोट चढवतोय, सपाता इकडे आणि बूट तिकडे. देल्फीनाचा बाप इव्हानो फरशांच्या भट्टीवरून तसाच आला होता. त्याच्या केसांत मातीची करडी पूड नेहमीच असायची, अंघोळ केली तरी जात नाही म्हणायचा. मी सोमवारी लावलेला फलक त्यानं पहिल्यांदा पाहिला. सहा फोटो, देल्फीनानं स्वतः काढलेलं बुटाच्या नाडीचं चित्र, आणि खाली तिचे शब्द, टाइप करून, जसेच्या तसे. ‘आधी दोन कान करायचे. मग एका कानानं दुसऱ्याला मिठी मारायची. मग खालून पळून जायचं.’ त्यानं ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं, आणि असा काही खूश झाला की सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं ओरडला, “अगं माझी वाघीण! आणि मी मेला रोज वाकतोय! चल, दाखव बघू बाबाला.” आणि गाडीच्या किल्ल्या बोटावर फिरवत उभा राहिला. उभाच राहिला. देल्फीना बुटक्या बाकावर बसली होती. तिनं फलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बापाकडे. मग खाली वाकून तिनं दोन्ही बुटांच्या नाड्या बांधल्या, इतक्या सफाईनं की माझ्यासुद्धा अशा बसत नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरीनं मान वर केली नाही. रडली असती तर काय करायचं ते मला माहीत होतं, अठ्ठावीस वर्षं तेच करत होते. ती रडली नाही. उठली, बापाचा रिकामा हात धरला आणि गेली.

घरी जाताना सायकलवर मला काहीतरी टोचत राहिलं आणि ते काय ते कळेना. धुक्यात सायकल हळू चालवावी लागते, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो, आणि मला तेव्हा तो नको होता. फलक चांगला झाला होता. खरं तर माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. शुक्रवारी सकाळी स्वीडनहून बावीस माणसं आमची शाळा बघायला येणार होती. आता आमच्या शाळा बघायला कुठून कुठून माणसं येतात, वही घेऊन, पायांत निळ्या पिशव्या चढवून, आणि त्यांच्यासाठी हा फलक दारातच होता. पाच वर्षांची मुलगी दुसऱ्या मुलाला शिकवते, मोठ्यांच्या मदतीशिवाय, स्वतःच्या भाषेत. मूल म्हणजे रिकामं भांडं नव्हे, त्याच्यात बळ असतं, बुद्धी असते, हक्क असतात, हे आम्ही सगळीकडे सांगत फिरतो. इथे ते सहा फोटोंत दिसत होतं. मग टोचतंय काय? पुलाच्या चढावर मी उतरले आणि सायकल ढकलत चालू लागले, तेव्हा इव्हानोचं वाक्य पुन्हा कानात आलं. मी रोज वाकतोय. रोज कुठे वाकत होता तो? त्याचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार. वसंत ऋतूत त्या नवरा-बायकोचं फाटलं, तेव्हापासून बाकीचे दिवस आईचे. आई औषधांच्या दुकानात, कायम घड्याळाकडे डोळे. तिनंच मला एकदा कुरकुरत सांगितलं होतं, “हिला मंगळवारी आणि शुक्रवारी बरोब्बर ते नाडीचे बूटच हवे असतात. बाकी दिवशी चिकटपट्टीचे चालतात. नुसता हट्ट!” आणि मी काय केलं होतं? मी ते वहीत लिहून घेतलं होतं. ‘देल्फीना स्वतःच्या वस्तूंची निवड ठामपणे करते.’ पुलावर उभी राहून मी मोठ्यानं हसले. बाजूनं एक म्हातारा जात होता, तो दचकला.

आमच्याकडे ऐकण्याचं काम फार मोठं मानतात. उगाच नाही. माझी आई सहीपुरतं लिहायला शिकलेली, चिकणमातीच्या शेतांतून बीट उपटणारी बाई, दुसऱ्या महायुद्धानंतर आमच्या मोहल्ल्यातल्या ज्या बायकांनी नगरपालिकेच्या दारात बसून शाळा मागितली त्यांत ती होती. मला कडेवर घेऊन बसली होती म्हणतात, मला अर्थातच आठवत नाही. पुढे मी याच शाळांत शिक्षिका झाले तेव्हा तिनं मला एकच गोष्ट सांगितली. “आमचं कुणी ऐकलं नाही. यांचं ऐका.” ते मी ऐकलं, आणि इतकं मनावर घेतलं की माझं नाव झालं. नव्या मुली शिकायला यायच्या तेव्हा त्यांना माझ्याकडे पाठवायचे. मी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवायचे, पेन्सिल खिशात, आणि मुलं बोलायची. दुपारी मुलं झोपली की मी ते उतरवून काढायचे. त्यात एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही. मूल ‘अं’ म्हणालं तर ‘अं’ लिहायचं. एकदा शिकायला आलेल्या एका मुलीनं ‘आजीला मरायचा कंटाळा आलाय’ हे सुधारून ‘जगायचा’ केलं होतं, तिला मी असं काही फैलावर घेतलं की बिचारी भांडारात जाऊन रडली. तर अशी मी.

बुधवारी दुपारी मुलं झोपल्यावर मी फलकावरचे शब्द जिच्यातून घेतले ती टेप पुन्हा लावली. आवाज बारीक करून, कान लावून. मला आत काय आहे ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच दोन दिवस लावली नव्हती. देल्फीना आणि तोबिया टेबलाखाली बसलेत, तोबिया नाकानं फुरफुरतोय, ती त्याला दोन कान आणि मिठी सांगतेय. मग तो विचारतो, “मग तुझा बाबा का बांधतो?” जरा वेळ फक्त फुरफुर. मग ती म्हणते, “तो खाली बसला की त्याचं डोकं माझं असतं.” आणि मग, अगदी घाईनं, “बाबाला सांगू नकोस हं. कुण्णाला सांगू नकोस.” हे मी उतरवून काढलं होतं. माझ्या अक्षरात वहीत आहे. आणि फलक करायची वेळ आली तेव्हा मी ते कापलं. मार्झिया, आमची समन्वयक, माझ्या खांद्यावरून वाचत होती आणि म्हणाली, “अगं नीवेस, ‘खालून पळून जायचं’ इथेच थांबव ना. तिथे ते एकदम टोकदार होतं. पुढचं जरा... पसरतं.” आणि मला पटलं. पुढचं खरंच पसरत होतं. माझा विषय मुलांची क्षमता हा होता, आणि त्या वाक्यात क्षमता नव्हती. असं मला तेव्हा वाटलं. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

सहा महिने मंगळवारी आणि शुक्रवारी ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. तो गुडघ्यावर बसायचा, ती त्याच्या केसांत दोन्ही हात घालायची, पूड झटकायची, कधी फुंकर मारायची, कधी बोटानं केसांत रेघा ओढायची. तो खाली तोंड करून म्हणायचा, “हलू नकोस गं बाई.” एका बुटाची दोन मिनिटं म्हटले तरी आठवड्याची आठ मिनिटं. आणि पोरीनं ती कशी मिळवली होती! आईशी बुटांवरून भांडून, येत असलेली गोष्ट येत नाही म्हणून, दर वेळी लंगडी गाठ मारून दाखवून. एवढी आखणी, एवढा संयम, एवढी जीभ आवरणं. हिच्यात किती बळ आहे ते मी सगळ्या दालनाला दाखवलं, आणि ते बळ ज्यासाठी होतं ते एका झटक्यात संपवलं. हे सगळं कळल्यावर मी टेप बंद केली. लाज वाटत होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सगळं येतं असं समजून चालणाऱ्या बाईला जशी लाज वाटते तशी.

त्याच दिवशी सकाळी अजून एक झालं होतं, ते मी लक्षात न घेता सोडून दिलं होतं. मी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, देल्फीना पलीकडून आली, शांतपणे बटण दाबून तो बंद केला आणि पुन्हा आपल्या मातीकामाला गेली. मी पुन्हा लावला. आता तोबियानं त्याच्यावर जेवणाचा रुमाल टाकला. मग सगळी सात मुलं कुजबुजत टेबलाच्या त्या टोकाला सरकली. त्या सकाळी माझ्या टेपवर काय आलं तर खुर्च्या सरकल्याचे आवाज. जेवणाच्या आधी मी स्वयंपाकघरात गेले. आमची स्वयंपाकीण एलिदे भोपळ्याचं सारण घालून पोळीचे चौकोन दाबत होती, मुलांसाठी दोनशे, आणि मला बघून हात न थांबवता म्हणाली, “काय गं, मुलांनी बोलणं टाकलं म्हणे तुझ्याशी?”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी म्हणजे? तीच. सकाळपासून तीन वेळा आली. चीज किसायला मदत करते म्हणून.”

“काही म्हणाली?”

“म्हणाली असेल.” एलिदेनं एक चौकोन उजेडात धरून पाहिला. “तिला नाडी येते हे मला नोव्हेंबरपासून माहीत आहे. माझ्या एप्रनची मागची गाठ तिनंच मारली होती. दुहेरी.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“मी कशाला सांगू? तिला येते, तिची ती बघेल. तुम्हा शिकलेल्या बायकांचं हेच तर आहे ना, काही कळलं की लगेच भिंत लागते तुम्हाला.”

मी रागानं निघून आले. एलिदेवर रागावणं सोपं होतं. आम्ही दोघी एकाच वर्षी इथे लागलो, आणि अठ्ठावीस वर्षं ती मला असंच बोलत आली होती. मुलं तिच्याकडे जायची, लुडबुडायची, पिठात हात घालायची, काहीबाही बोलायची, आणि ते बोलणं वाफेबरोबर खिडकीतून जायचं. मला नेहमी वाईट वाटायचं की अरे, किती अमोल गोष्टी वाया जातायत. एकदा तर मी तिला म्हटलं होतं की एक टेपरेकॉर्डर तुझ्याही ओट्यावर ठेवूया. तिनं फक्त त्या दिवशी माझ्या वाडग्यात सूप कमी वाढलं.

रात्रभर नाही, पण संध्याकाळभर मला कातिया आठवत राहिली. कातिया माझी मुलगी, तेव्हा चोवीस वर्षांची, बोलोन्याला असायची, दर रविवारी फोन करायची आणि हवा कशी आहे ते सांगायची. लहानपणी अखंड बोलायची. मी तिचं सगळं एका लाल वहीत लिहून ठेवायचे आणि मित्रमंडळी जेवायला आली की वाइनच्या दुसऱ्या ग्लासनंतर वाचून दाखवायचे. तिनं चंद्राबद्दल काय म्हटलं, देवाबद्दल काय म्हटलं, आजोबांच्या दातांबद्दल काय म्हटलं. लोक हसून हसून लोळायचे. प्रेमानंच हसायचे, मीही प्रेमानंच वाचायचे. एका रात्री ती झोपेच्या कपड्यांत दारात उभी होती, हे मला माझ्या नवऱ्यानं नंतर सांगितलं. मला दिसलं नव्हतं, मी वाचत होते. सहावं वर्ष लागायच्या आत तिनं घरात बोलणं कमी केलं, आणि मी म्हटलं, पोरगी अंतर्मुख होतेय, चांगलं लक्षण आहे. वहीत त्याचीही नोंद आहे. मी बुधवारी संध्याकाळी फोन उचलला आणि तिचा नंबर फिरवला. ती घाबरूनच म्हणाली, “काय झालं? बाबा बरे आहेत ना?” मी म्हटलं, सगळे बरे आहेत, सहज केला. “सहज?” ती म्हणाली. “आई, तू सहज काही करत नाहीस.” मग थोडा वेळ आम्ही दोघी हवेबद्दल बोललो.

हे मी आज लिहितेय ते देल्फीनाला विचारून. ती आता मोठी बाई झाली आहे, चित्रकार वगैरे कुणी खास नाही, दातांच्या दवाखान्यात काम करते. मी पत्र लिहून विचारलं तर तिनं उत्तर पाठवलं, की लिही, पण नावं बदल, आणि मला फार शहाणी दाखवू नकोस, मी तेव्हा नुसती चिडले होते. तर लक्षात असू द्या, ती चिडली होती.

गुरुवारी दुपारी बाकीची मुलं झोपायच्या खोलीत गेली. देल्फीना झोपायची नाही, ती मोठ्यांच्या गटात होती, तिला जागं राहायची मुभा होती. ती शाळेच्या आतल्या चौकात खिडकीशी बसली होती. मी शेजारी जमिनीवर बसले. माझे गुडघे वाजले, तिनं त्यांच्याकडे पाहिलं. पेन्सिल मी मुद्दाम टेबलावर ठेवून आले होते. मी तिला सरळ सांगितलं. मुलांशी मला सरळच बोलता येतं, मोठ्यांशी जमत नाही. “देल्फीना, तू तोबियाला म्हणाली होतीस की कुणाला सांगू नकोस. ते मी ऐकलं होतं. तरी मी भिंतीवर लावलं. तुला विचारलं नाही. चुकलं माझं.”

ती खिडकीच्या काचेवर बोटानं काहीतरी काढत होती.

“तो फलक काढून टाकू का?” मी विचारलं. “आत्ता काढते. उद्या पाहुणे आहेत, असू देत.”

“काढलास तर बाबानं वाचलेलं जाईल?”

“नाही जाणार.”

“मग कशाला काढतेस?” ती चिडून म्हणाली. मी म्हटलं, “मी बाबाशी बोलू का? त्याला समजावून सांगू का, की तुला...” तिनं इतक्या जोरात मान वळवली की मी गप्प झाले. “तू काही सांगू नकोस. तू सांगितलंस की तो मुद्दाम बसेल.” आणि हे खरं होतं. मुद्दाम बसलेला बाप आणि नुसता बसलेला बाप यांत काय फरक आहे ते मला त्रेपन्नाव्या वर्षी एका पाच वर्षांच्या मुलीकडून समजत होतं. स्वयंपाकघरात एलिदे भांडी लावत होती. मग देल्फीना म्हणाली, “पेन्सिल कुठाय तुझी?”

“टेबलावर. का?”

“आण. लिही.”

“काय लिहू?”

“मी सांगते ते. तसंच लिही, मध्ये तुझं घालू नकोस.” मी पेन्सिल आणि कागद आणला. तिनं पाय पोटाशी घेतले, भट्टीवरचा मुकादम सांगतो तसं सांगू लागली. “देल्फीनाला नाडी येत नाही.”

“अगं, पण फोटोत तू बांधतेयस.”

ती थांबली. हे तिनं धरलं नव्हतं. “बरं. मग लिही, येत होती. आता विसरली.”

“मंगळवारी सगळ्यांनी पाहिलं ना तुला बांधताना.”

“मंगळवारी शेवटची आली,” ती एका दमात म्हणाली, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात तीन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. “लिहिलंस? मंगळवारी शेवटची आली. मग विसरली. आता लिही, ज्याला येते त्यानं बांधावी.”

मी लिहिलं. माझा हात जरा अडला, खोटं नाही सांगत. अठ्ठावीस वर्षांत त्या भिंतीवर मी न घडलेलं काही लावलं नव्हतं. पण मग सोमवारी जे लावलं ते काय होतं? एक वाक्य कापून बाकीचं लावलेलं. आणि हिचं हे? शब्द हिचे, सांगितले हिनं, कुठे लावायचे ते हीच सांगतेय. मी कागद तिला दिला. तिनं खाली आपलं ‘द’ काढलं, उलटं, आणि म्हणाली, “टाइप कर. तसल्याच अक्षरात. फोटोंच्या खाली लाव.” मी टाइप केलं. तिनं अंतर मोजून दाखवलं, आणखी खाली, आणखी, बाबा उभा राहून वाचतो तिथे.

मार्झिया संध्याकाळी आली, उद्याची व्यवस्था बघायला, आणि दारातच थबकली. “हे काय?”

“देल्फीनाचं आहे.”

“ते दिसतंय. पण नीवेस, हे खरं नाहीये ना? तिला येते.”

“तिचे शब्द आहेत. एकही गाळलेला नाही.”

“अगं, उद्या बावीस माणसं येतायत! त्यांना काय सांगायचं, आमच्याकडे येऊन मुलं शिकलेलं विसरतात? तुला झालंय काय?” ती वाईट बाई नाही, मार्झिया. दमलेली होती, तिला बावीस माणसांच्या कॉफीची काळजी होती. “कारण तरी सांग.”

कारण माझ्या जिभेच्या टोकावर होतं. सांगितलं असतं तर तिला तिथल्या तिथे पटलं असतं, तिचे डोळे भरून आले असते, आणि मग तिनं ते पुढच्या सभेत सांगितलं असतं, आणि स्वीडनच्या लोकांना, आणि एखाद्या पुस्तकात आलं असतं. मी स्वतः हेच केलं असतं. “कारण आहे,” मी म्हटलं. “माझं नाही, म्हणून सांगता येत नाही.” तिनं खालचा मजकूर पुन्हा वाचला. मग म्हणाली, “बरं. राहू दे. पण उद्या उत्तरं तू द्यायची. मी नाही.”

शुक्रवारी सकाळी मी उत्तरं दिली. पाहुणे फलकापाशी थांबले, दुभाष्या मुलीनं वरचे शब्द सांगितले, सगळे खूश झाले, मग तिनं खालचे सांगितले आणि सगळे गोंधळले. एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईनं विचारलं, मुलगी खरंच विसरली का? मी म्हटलं, ती तसं म्हणते. तुम्हाला काय वाटतं, तिनं विचारलं. मी म्हटलं, मला काय वाटतं ते आम्ही या भिंतीवर लावत नाही. हे मी फार तोऱ्यात म्हटलं, जणू आमचा पूर्वीपासूनचा नियमच आहे. मार्झिया मागे खोकली. बाईनं ते वहीत लिहून घेतलं.

आणि मग चार वाजले. देल्फीना नाडीचे बूट पायांत घालून बाकावर बसली होती, नाड्या दोन्हीकडे लोंबत, पाय हलवत नव्हती. इव्हानो आला, तसाच करडा, खुशीत. “काय वाघिणी! चल, बांध पटापट, गाडी आडवी लावलीय.” आणि किल्ल्या फिरवायला लागला. देल्फीना हलली नाही. “वाच,” ती म्हणाली.

“काय वाचू? वाचलंय की.”

“खालचं वाच.”

तो वळला. ओठ हलवत वाचू लागला. किल्ल्या थांबल्या. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, जसे पालक नेहमी माझ्याकडे पाहायचे, की बाई, आमच्या पोरीचं हे काय आहे ते सांग. आणि मी नेहमी सांगायचे. तेव्हाही माझ्याकडे अख्खं उत्तर तयार होतं, चांगलं उत्तर, त्याला रडवणारं. मी भिंतीवरचे कोट नीट करायला लागले. एक कोट तर नीटच होता, तो मी काढून पुन्हा अडकवला.

“नीवेस,” तो म्हणाला, “ही विसरली?”

“लिहिलंय ना तसं.”

त्यानं पुन्हा वाचलं. इतका वेळ कशाला लागतोय त्याला, चार ओळी तर आहेत. दालन रिकामं होत चाललं होतं. मी त्याच्याकडे पाहत नव्हते, पण तो पोरीकडे पाहतोय हे मला कळत होतं.

“सगळी विसरलीस?” त्यानं विचारलं.

“सगळी.”

“डाव्या पायाची पण?”

“दोन्ही.”

“अरेरे. आणि आठवेल कधी?”

तिनं खरोखरच विचार केला. “माहीत नाही,” ती म्हणाली. “वेळ लागेल.”

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, बहुधा त्याच्याच गाडीसाठी. पुन्हा वाजवला. इव्हानोनं किल्ल्या खिशात टाकल्या आणि गुडघ्यावर बसला. देल्फीनानं लगेच हात पुढे केले नाहीत. आधी त्याचं डोकं पुरतं खाली वाकेपर्यंत थांबली. मला निघून जायला हवं होतं, तेवढं तरी मला कळायला हवं होतं, पण मी शेवटच्या कोटापाशी उभी राहिले आणि पाहिलं. त्यानं पहिल्या बुटाची नाडी बांधली. गाठ चांगली घट्ट बसली होती, मला तिथून दिसत होती. त्यानं ती सोडली, आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.